बारामती ते इंदापूर : एका थेंबाची गोष्ट

बारामतीहून इंदापूर जेमतेम पन्नास किलोमीटर. काटेवाडी, भवानीनगर, सणसर, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी ही गावं मागे टाकली की इंदापूर. मे महिन्यातल्या एका रविवारी आपांच्या मुलीच्या मंगनीसाठी आम्ही निघालो. सोबत अम्मी आणि मुलं.

आठवडाभर गाडीखाली हिरवट थेंब दिसत होते, गोडसर वासही येत होता. एसीचं पाणी असेल म्हणून आम्ही दुर्लक्ष केलं. वर्गात मुलांना ‘नीट निरीक्षण करा’ असं सांगणारे आम्ही!

भवानीनगर ओलांडलं आणि तापमानाचा काटा वर चढू लागला. लिंबाच्या सावलीत गाडी थांबवली. बॉनेट उघडताच वाफ. थोरला फडकं घेऊन रेडिएटरच्या झाकणाकडे धावला. अम्मी ओरडल्या, “थांब बेटा! शिट्टी होताना कुकर उघडतात का?” अल्लाहनं वाचवलं. आतलं पाणी दाबाखाली असतं. झाकण फिरवलं असतं तर ते उसळून मुलाचा चेहरा भाजला असता.

एका मोटारसायकलवाल्यानं सणसरहून मिस्त्री आणला. इंजिन निवेपर्यंत त्यानं कशालाच हात लावला नाही. मग बॅटरीच्या उजेडात दाखवलं : थ्रॉटल बॉडीला जाणारी बोटाएवढी रबरी नळी क्लिपेजवळ चिरली होती, भोवती पांढरट थर साचला होता.

“सर, रेडिएटर म्हणजे कालवा आणि ही नळी म्हणजे चारी. चारी फुटली तरी कालवा आटतोच.”

थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं दार. थंड प्रदेशात दमट हवेमुळे तिथं बर्फ धरून झडप अडकू शकते, म्हणून गरम कूलंट तिच्यातून फिरवतात.

जमलेल्यांपैकी एक जण म्हणाला, “इंदापुरात कुठला बर्फ? दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून टाका.”

मिस्त्री हसला. “गाडी पळेल. पण काही गाड्यांत थंड इंजिनाचा वेगही यावरच ठरतो. नवी नळी मिळतेय तर जुगाड कशाला?”

सणसरहून नळ्या, क्लिपा आणि कूलंट आलं. त्यानं तोट्या घासून साफ केल्या आणि दोन्ही नळ्या बदलल्या. एक चिरली, तर तिच्याच वयाची दुसरी किती टिकणार? धाकटीनं कालव्याचं पाणी सुचवलं. “अडचणीत चालतं, बेटा, कायमचं नको. क्षार बसतात, गंज चढतो.” कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरून, हीटर लावून त्यानं इंजिन चालू ठेवलं. बुडबुडे थांबल्यावर पुन्हा पातळी भरली. सांडलेलं कूलंट पुसत म्हणाला, “गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात. विष आहे. मुलांपासूनही लांब ठेवा.”

असरच्या सुमारास इंदापूर गाठलं. मंगनी आमच्यासाठी खोळंबली होती. दुसऱ्या दिवशी मुलांना मालोजीराजांची गढी दाखवली, अम्मींनी चाँदशाहवली बाबांच्या दर्ग्यात फातिहा पढला आणि आम्ही परतलो. वाटेत दोनदा बॉनेट उघडून पाहिलं, सगळं कोरडं.

ती चिरलेली नळी आता आमच्या वर्गातल्या विज्ञानपेटीत आहे. निरीक्षणाचा पाठ आला की आधी तीच बाहेर निघते.