हौसेची पेटी आणि परीक्षेची पायरी

संगीताचा पेशा करायचा नाही, केवळ हौसेने पेटी शिकायची आहे, अशा मुलाने संगीताच्या परीक्षा द्याव्यात काय? वसतिगृहात राहून पेटी शिकलेल्या आम्हा माजी विद्यार्थ्यांना पालक हा प्रश्न वारंवार विचारतात. आमच्यापैकी कोणीही व्यावसायिक वादक झाला नाही. म्हणूनच उत्तर देण्याचा थोडासा अधिकार आम्हांला असावा.

पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि संगीतविद्येची दारे सामान्य घरांतील मुलांना खुली केली. त्यांच्या शिष्यांनी १९३१ मध्ये उभारलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा पायऱ्यांनी अलंकारापर्यंत जातात. ज्याच्या घरात गाणे नाही, ज्याच्यामागे घराणे नाही, त्याला पुढचे पाऊल कोठे टाकावे हे या क्रमाने कळते. हा क्रम नसता तर चार गाण्यांच्या चाली बसवून आम्ही तेथेच थांबलो असतो. हातावर टाळी-खाली दाखवीत ताल म्हणण्याची शिस्त आम्हांला परीक्षेनेच लावली. शिवाय वसतिगृहातील सोबती प्रेमापोटी दाद देतात. अनोळखी परीक्षकाला मात्र ढळलेली लय ढळलेलीच दिसते. अशा निःपक्ष कानाची गरज हौशी माणसालाही असते.

तथापि नाण्याची दुसरी बाजूही आम्ही पाहिली आहे. शास्त्रीय कलांच्या परीक्षांमुळे दहावीला वाढीव गुण मिळतात. त्या गुणांसाठी नेमलेले राग तेवढे घोटायचे आणि निकाल लागताच पेटीवर खोळ चढवायची, असे अनेकांचे झाले. आमच्यातील प्रथम श्रेणीचा एक सोबती आज पेटीला हातही लावीत नाही. कधीच परीक्षेस न बसलेला दुसरा मात्र वस्तीतील प्रत्येक कार्यक्रमात साथीला असतो.

पेटीचा स्वतःचा इतिहासही बोलका आहे. हे वाद्य भारतीय संगीताला योग्य नाही, असे ठरवून ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये त्यावर बंदी घातली. ती सुमारे तीन दशके टिकली. जाणकारांनी नापास केलेली ही पेटी भजनांत, नाट्यसंगीतात, कव्वालीत आणि भीमगीतांच्या जलशांत वाजतच राहिली. लोकांना ती हवी होती, एवढेच तिचे प्रमाणपत्र.

म्हणून आमचे मत असे: प्रारंभिक आणि प्रवेशिका या परीक्षा हौशी मुलाने अवश्य द्याव्यात, कारण पाया तेथेच घातला जातो. त्यापुढे मात्र मुलाची इच्छा विचारावी. परीक्षा संपल्यानंतरच्या सकाळी ते आपण होऊन पेटीचा भाता उघडते काय, हे पालकांनी पाहावे. उघडत असेल तर पुढचा अर्ज खुशाल भरावा. नसेल तर अर्ज बाजूला ठेवून त्याला त्याच्या आवडीचे एखादे गाणे बसवू द्यावे.