येरळेच्या काठानं, १८७३ च्या शोधात

'गुलामगिरी'च्या अर्पणपत्रिकेवर माझा फार जुना जीव आहे. पुण्यात राहणारे जोतीराव फुले १८७३ साली शूद्रातिशूद्रांच्या दास्याची हकिकत लिहितात आणि ते पुस्तक अर्पण करतात अमेरिकेतल्या लोकांना, कारण त्यांनी काळ्या माणसांची गुलामी मोडली. तिकडं यादवी युद्ध संपून, तेरावी घटनादुरुस्ती होऊन आठ वर्षंही झाली नव्हती. समुद्रापलीकडच्या घटनेचा अर्थ इतक्या लवकर आणि इतका नेमका ओळखणारा माणूस आपल्याकडं होता, याचं मला अजून भरून येतं.

माझे एक स्नेही इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक आहेत, कोल्हापूरला असतात. त्यांच्याशी हे बोलत होतो, तर ते म्हणाले, "अर्पणपत्रिका सुंदर आहे हो, पण जोतीरावांपर्यंत अर्धीच बातमी आली होती. १८७३ ला तिकडं चाक उलटं फिरायला लागलं होतं." हे मनात सलत राहिलं. फुल्यांचं मूळ गाव कटगुण सातारा जिल्ह्यात, आणि ज्या अमेरिकन बाईंनी फुल्यांच्या चळवळीचा अभ्यास करता करता हा मुलूखच आपला केला त्या गेल ऑम्वेट यांचं कासेगाव सांगली जिल्ह्यात. दोन्ही गावं बघायची आणि वाटेत प्राध्यापकांना उत्तर शोधायचं, एवढं ठरवून निघालो.

साताऱ्यात अजिंक्यतारा खालूनच पाहिला. कास, ठोसेघर, सज्जनगड यांतलं काहीच केलं नाही. राजवाड्यापाशी मात्र रेंगाळलो. इथं भरणाऱ्या सरकारी हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव इंग्रजी पहिलीत दाखल झालं. पुढं १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचला. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डू बॉइस या थोर काळ्या विचारवंताला पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या काळ्यांच्या वतीनं संयुक्त राष्ट्रांकडं अर्ज गेल्याचं त्यांनी वाचलं होतं आणि त्याच्या प्रती त्यांना हव्या होत्या. अस्पृश्यांचा प्रश्नही तसाच मांडावा, असं त्यांच्या मनात होतं. म्हणजे फुल्यांनी पुस्तकातून जोडलेला धागा बाबासाहेबांनी पत्रातून जोडला, आणि दोघांच्याही खुणा या एका जिल्ह्यात सापडतात.

कटगुण पुसेगावाजवळ, येरळेच्या खोऱ्यात आहे. फुल्यांचं घराणं मूळचं गोऱ्हे. कुलकर्ण्याशी बिनसलं आणि पणजोबांना गाव सोडून पुरंदरच्या बाजूला खानवडीला जावं लागलं, असं चरित्रकार सांगतात. मी गावात शिरलो तेव्हा ऊन चढलं होतं. वैराण माळ, मधेच ज्वारीची पट्टी. इथल्या एका कुटुंबाला गावकीच्या कागदावर हुकूम चालवणाऱ्यानं देशोधडीला लावलं, आणि त्याच घरातल्या चौथ्या पिढीनं कागद, लेखणी आणि छापखाना हाती घेऊन जबाब दिला. कटगुणात उभं राहिल्यावर 'गुलामगिरी'तला राग अंगाला लागतो.

तिथूनच प्राध्यापकांना फोन लावला. ते तयारच होते. म्हणाले, "१३ एप्रिल १८७३, ईस्टरचा रविवार. लुइझियानातलं कोलफॅक्स. गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीनं काळ्यांची कत्तल केली, त्यातले कित्येक शरण आलेले होते. ज्या वर्षी इकडं अर्पणपत्रिका छापली जात होती, त्याच वर्षी. चार वर्षांनी, १८७७ मध्ये, दक्षिणेतल्या राज्यांमधून केंद्राच्या सैन्याचा आधार काढून घेतला आणि काळ्यांना पुन्हा जुन्या मालकांच्या हवाली केलं. शिवाय जोतीराव श्रेय देतात ते सद्गुणी लोकांना. उत्तरेकडून लढलेले पावणेदोन लाखांवर काळे शिपाई त्यात कुठं आहेत?"

शेवटचा मुद्दा जबरदस्त होता. वडूजपर्यंत मी त्यावरच विचार करत होतो. वडूजला १९४२ च्या सप्टेंबरात मामलेदार कचेरीवर गेलेल्या मोर्चावर गोळीबार झाला. त्या हुतात्म्यांना नमस्कार केला आणि विट्याची वाट धरली.

विट्याच्या मुक्कामाचं नाव काढायला नको. खिडकीखाली रात्रभर ट्रक हॉर्न देत होते, गरम पाणी पहाटे पाच ते सहा एवढंच, आणि उशीला आधीच्या पाहुण्याच्या तेलाचा वास. झोप नाही म्हणून दिव्याखाली वही काढून बसलो आणि उत्तर हळूहळू जुळायला लागलं. अर्पणपत्रिकेत जोतीराव नुसती स्तुती करत नाहीत. माझ्या देशबांधवांनी हा कित्ता गिरवावा, अशी आशा ते व्यक्त करतात. ती मागणी आहे, आणि ती इथल्या वरच्यांकडं केलेली आहे. वरच्यांवर विसंबून मात्र ते थांबले नाहीत. त्याच १८७३ मध्ये, २४ सप्टेंबरला, त्यांनी सत्यशोधक समाज काढला. आपली सुटका आपल्यालाच करायची आहे, हे त्यांनी पुस्तकापाठोपाठ काही महिन्यांत कृतीनं सांगितलं. प्राध्यापकांचे काळे शिपाई मला तिथं दिसतात.

सकाळी खानापूर तालुक्यात, येरळेवरच्या बळीराजा धरणावर गेलो. १९८० च्या दशकात दुष्काळानं गांजलेल्या बलवडी-तांदूळवाडीच्या लोकांनी नदीतल्या वाळूच्या बेबंद उपशाविरुद्ध लढा दिला, थोडी वाळू स्वतः विकून पैसा उभा केला आणि छोटं धरण बांधलं. अभियंता के. आर. दाते आणि गेल ऑम्वेट यांचे पती भारत पाटणकर त्यांच्या पाठीशी होते. पाणी घराला मिळेल, जमिनीला नव्हे, भूमिहीनालाही वाटा मिळेल आणि त्या पाण्यावर ऊस लावायचा नाही, अशी तत्त्वं ठरली. सांगली जिल्ह्यात ऊस लावायचा नाही असं गावानं ठरवणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. आणि नाव बळीराजाचं, 'गुलामगिरी'त फुल्यांनी ज्याला वामनाच्या पायाखालून काढून पुन्हा राजा केलं त्याचं. कटगुणच्याच खोऱ्यात, त्याच येरळेवर.

कुंडलला थांबलो नाही. तिथल्या, इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारवर लिहायचं तर वेगळा प्रवास हवा. कासेगावात संध्याकाळी पोचलो. पुणे-बेंगळुरू रस्त्यालगतचं हे मोठं गाव. बाबूजी आणि इंदुताई पाटणकर हे प्रतिसरकारातलं जोडपं इथलंच. १९५२ मध्ये बाबूजींचा खून झाला आणि इंदुताई पुढं हयातभर चळवळीत राहिल्या. त्यांच्या मुलाशी, भारत पाटणकरांशी, १९७६ मध्ये गेल ऑम्वेट यांनी लग्न केलं. जन्म १९४१ चा, मिनीॲपोलिसचा. शिक्षण बर्कलीत, साठच्या दशकातल्या. त्या विद्यापीठात १९६४ ला विद्यार्थ्यांचं आंदोलन पेटलं, आणि दक्षिणेत काळ्यांच्या हक्कांसाठी काम करून आलेली मुलं त्यात पुढं होती. शेजारच्या ओकलंडमध्ये १९६६ ला ब्लॅक पँथर उभी राहिली, जिचं नाव १९७२ मध्ये मुंबईच्या दलित पँथरनं घेतलं. त्या हवेतली ही तरुण बाई संशोधनासाठी महाराष्ट्रात आली, ब्राह्मणेतर चळवळीवर तिनं प्रबंध लिहिला, आणि त्याचा कालखंड सुरू होतो १८७३ पासून. साताऱ्यातल्या शेतकऱ्यांनी १९१९ ते १९२१ मध्ये सत्यशोधक जलशांच्या जोरावर जमीनदार-सावकारांना कसं अडवलं, हे पुण्या-मुंबईच्या विद्वानांनी बाजूला ठेवलेलं प्रकरण तिनं अभ्यासाच्या मध्यभागी आणलं. १९८३ मध्ये त्या भारताच्या नागरिक झाल्या. २५ ऑगस्ट २०२१ रोजी कासेगावातच गेल्या.

रात्री पुन्हा फोन केला. म्हटलं, "सर, १८७७ ला चाक फिरलं हे मान्य. पण १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा आणि १९६५ चा मतदानाच्या हक्काचा कायदा यांनी ते परत ओढलं, आणि ते ओढणाऱ्या पिढीतलं एक माणूस फुल्यांकडं शिकायला इथं आलं. अर्पणपत्रिकेची पोच आली म्हणायची."

"पोच आली, पण ऋण फिटलं का, हा वेगळा प्रश्न," ते म्हणाले. मग डू बॉइस यांच्या १९३५ च्या ग्रंथावर आले. गुलामांनी मळे सोडून स्वतःच युद्धाचं पारडं फिरवलं, हे त्यातलं मध्यवर्ती प्रतिपादन. त्यावरचं प्रकरण वाचल्याशिवाय या विषयावर माझ्याशी बोलायचं नाही, अशी त्यांची अट आहे. मी ती स्वीकारली, आणि 'गुलामगिरी' शेजारी ठेवूनच वाचेन असं सांगितलं.