बसमधून न दिसलेलं मछलीपट्टणम

सहलीच्या छापील कागदावर चौथ्या ओळीत स्वच्छ लिहिलं होतं, 'मछलीपट्टणम : डच स्मशानभूमी, बंदर किल्ला'. ती ओळ वाचून मी पैसे भरले होते. विजयवाडा सोडल्यावर आयोजकाने बसमध्ये माईक हातात घेतला आणि ती ओळ एका दमात उडवून टाकली. "कार्तिकाचे दिवस हायेत, बायामाणसं संगं हायेत, मसनवट्यात जाऊन काय पाहाचं? त्याच्या बदली तुमाले रोल्ड गोल्डच्या बाजारात नेतो." बसमध्ये टाळ्या पडल्या. मी उभी राहून बोलले, पण टाळ्यांपुढे एका बाईचा आवाज किती पुरणार? त्या टाळ्या अजून माझ्या डोक्यातून जात नाहीत.

मी तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातली, बेल्याकडची. मराठी माध्यमाच्या शाळेत समाजशास्त्र शिकवते. आमच्याकडे घरात मराठी, बाजारात तेलुगू, शेतात कापूस. सहल म्हणजे गावातलं भजनी मंडळ. रात्री आदिलाबादहून कृष्णा एक्सप्रेसने विजयवाडा, तिथून भाड्याच्या बसने कनकदुर्गा, मंगळगिरी आणि मग बंदर. मछलीपट्टणमला तिकडे सगळे बंदरच म्हणतात, विजयवाड्याहून जाणारा रस्तासुद्धा बंदर रोड. बायकांच्या मनात तिथल्या चिलकलपुडीचा पांडुरंग आणि पौर्णिमेचं समुद्रस्नान होतं. माझ्या मनात ती स्मशानभूमी होती.

का होती, ते सांगायला हवं. वर्गात नकाशा लावला की मुलं विचारतात, आपल्या राज्याला समुद्र का नाही? पूर्वी होता. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचं समुद्राचं दार म्हणजे हे बंदर. १६०५ मध्ये डच तिथे आले, १६११ मध्ये 'ग्लोब' नावाच्या जहाजातून इंग्रज आले, पुढे फ्रेंच. हिऱ्यांचा फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निये १६५२ मध्ये इथेच उतरला आणि इथून पेगू, सयाम, आराकान, मक्का, होर्मुझपर्यंत जहाजं जातात असं त्याने लिहून ठेवलं. १६७७ मध्ये शिवाजी महाराज कुतुबशहाच्या भेटीला भागानगरात, म्हणजे हैदराबादला गेले, तेव्हा या बंदराचा व्यापार भरात होता. मग १७५९ च्या एप्रिलमध्ये इंग्रजांच्या कर्नल फोर्डने फ्रेंचांकडून किल्ला जिंकला आणि निजाम सलाबतजंगाने बंदर कंपनीला लिहून दिलं. काही वर्षांत बाकीची किनारपट्टीही गेली. हैदराबाद राज्य पुढे १९५६ मध्ये आंध्र प्रदेशात मिळेपर्यंत समुद्राशिवाय राहिलं, आणि २०१४ मध्ये तेलंगणा वेगळं झाल्यावर आपण पुन्हा तसेच. ज्या दारातून आपलं राज्य जगाशी बोलत होतं, ते दार मला एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं. यात मसनवट्याचा काय संबंध?

पण आयोजकाला वाद घालायचाच नव्हता. मी म्हटलं, कागदावर छापलंय. तो म्हणाला, "टीचर, बहुमत हाये." मी म्हटलं, बहुमताने छापलेला शब्द रद्द होत नसतो, हवं तर तेवढे पैसे परत द्या. तो हसून ड्रायव्हरशी बोलायला लागला. मग मी बायकांकडे वळले. तीनशे वर्षांपूर्वीची माणसं आहेत, नुसते दगड उरलेत, विटाळ कसला? माझ्या शेजारी बसलेल्या मावशी, ज्यांच्या शब्दाला मंडळात मान आहे, त्यांनी विषय मिटवला. "तीनशे वर्षं झाली तरी मढं ते मढंच व बाई."

मावशींचा मला राग नाही. त्यांची श्रद्धा आहे आणि त्यांनी ती तोंडावर सांगितली. राग आहे तो त्या माणसाचा, ज्याने त्यांच्या श्रद्धेच्या आड स्वतःचा हिशेब लपवला. चिलकलपुडीला दर्शन झाल्यावर त्याने बस थेट एका दागिन्यांच्या दुकानापुढे उभी केली. आत गेल्या गेल्या त्याच्यासाठी खुर्ची आली, चहा आला. आमच्यातली एकेक बाई पैसे देऊन निघाली की काउंटरवरचा माणूस एका वेगळ्या वहीत काहीतरी टिपायचा. जाताना आयोजकाने ती वही उलटून पाहिली, बोटाने ओळी मोजल्या. दोन तास आम्ही तिथे होतो. डच स्मशानभूमीला त्याने कागदावर अर्धा तास दिला होता, आणि तो अर्धा तास आता 'वेळ नाही' म्हणून गेला होता. सहलीला जाणाऱ्यांना माझं सांगणं आहे : ठिकाणांची यादी आणि प्रत्येक ठिकाणाचा वेळ पैसे भरण्याआधी सहीनिशी घ्या. लाज वाटू देऊ नका. आपण शेतातल्या मजुराला तोंडी शब्दावर उचल देतो, तो शब्द पाळतो. हे लोक छापून पाळत नाहीत.

पांडुरंगाबद्दल मात्र सांगितलंच पाहिजे. हे देऊळ १९२९ चं. भक्त नरसिंहम नावाच्या गृहस्थांनी उभं केलेलं. समुद्राजवळच्या तेलुगू गावात विटेवर उभा, हात कमरेवर. आमच्या बायका गाभाऱ्यासमोर पोहोचल्या आणि गप्पच झाल्या. पंढरपूरला जाऊन आलेल्या बायका आहेत त्या, तरी गप्प झाल्या. मग मावशींनी टाळ काढला. बाजूला उभ्या असलेल्या तेलुगू बायकांना अभंगाचे शब्द कळत नव्हते, पण विठ्ठल आला की त्या आमच्याआधी सूर लावायच्या. मीही गायले. बसमध्ये त्याच मावशींशी भांडून आले होते हे त्या वेळी आठवलंही नाही.

तर, दुकानातून मी बाहेर पडले आणि ऑटो शोधायला लागले. मावशींची नात, नववीत आहे, माझीच विद्यार्थिनी, मागून आली. "टीचर, मी पण येते." मावशींनी दारातून पाहिलं. मला वाटलं अडवतील. त्या म्हणाल्या, "जा, पण पाय धुतल्याबिगर बसमधी चढू नको." ऑटोवाल्याला काही समजावून सांगावं लागलं नाही. त्याला जागा माहीत होती.

गुडघ्याएवढं गवत, त्यात मोठमोठ्या दगडी लाद्या. अक्षरं दगडात खोदलेली नाहीत, उठावाची आहेत. म्हणजे दगडाची बाकीची सगळी पाठ छिलून काढली तेव्हा ती वर राहिली. पोरीने एका लादीवरचा चिखल ओढणीने पुसला. अक्षरं इंग्रजीसारखी दिसत होती, पण शब्द लागेना. ती बोट फिरवत फिरवत खाली गेली आणि आकड्यावर थांबली. सोळाशेच्या घरातलं साल. वरच्या बाजूला घराण्याचं मानचिन्ह कोरलेलं, त्याच्या कडेने पानांची वळणं, नखाएवढ्या पानाची शीरसुद्धा जागेवर. "टीचर, तेव्हा शिवाजी महाराज होते ना?" तिने विचारलं. होते. वर्गात मी हेच शिकवताना तिने कधी मान वर केली नव्हती.

ही माणसं हिऱ्यांसाठी आली असं पुष्कळांना वाटतं. मुख्य ओढ कापडाची होती. इथलं रंगवलेलं कापड पूर्वेच्या बेटांवर न्यायचं आणि त्या बदल्यात लवंग, जायफळ घ्यायचं, हा डचांचा धंदा. युरोपात या कापडाचं एवढं वेड पसरलं की फ्रान्सने १६८६ मध्ये त्यावर बंदी घातली आणि इंग्लंडने १७०० व १७२१ मध्ये कायदे करून ते अडवलं. ते कापड ज्यांनी विणलं आणि रंगवलं त्यांच्या नावाची एकही लादी बंदरात नाही. तिथे गवतात उभी असताना हे माझ्या ध्यानात आलं आणि ज्या जागेसाठी मी एवढी भांडले, ती जागा मला एकदम अपुरी वाटायला लागली.

किल्ल्याकडे उजेड असेपर्यंत जाऊन आलो. पडक्या भिंती, झुडपं. १ नोव्हेंबर १८६४ च्या रात्री वादळाबरोबर समुद्राची लाट या गावात शिरली आणि सुमारे तीस हजार माणसं गेली. हे आकडे वाचताना काही वाटत नाही. तिथली जमीन किती सपाट आहे हे पाहिल्यावर वाटतं. पळून चढायला टेकडी नाही, उंचवटा नाही. १९७७ च्या नोव्हेंबरमध्ये शेजारच्या दिविसीमेत तेच झालं. आमच्याकडे पैनगंगेला पूर येतो तेव्हा माणसं निदान वरच्या अंगाला धावतात.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. पहाटे मंगिनपुडीच्या किनाऱ्यावर पोहोचलो तर माणसांचा पूर. वाळू पिवळी नाही, काळपट चिखल आहे, पाय घोट्यापर्यंत आत जातात आणि बरंच पुढे गेलं तरी पाणी कमरेच्या वर येत नाही. आमच्या काही बायकांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला. आयोजक म्हणाला, बघा, बंदर कुठे आहे? काहीच नाही. त्याला मी तिथेच उत्तर दिलं. इथला समुद्र पहिल्यापासून उथळ. मोठी जहाजं लांब उभी राहायची आणि माल लहान नावांतून काठावर यायचा. धक्का, गोदी, भिंती शोधायच्याच कशाला? ज्या चिखलात तुम्ही उभे आहात तेच बंदर. आता नव्या बंदराचं काम जवळच चालू आहे. तिथे धक्के दिसतील, पण गोवळकोंड्याचं कापड या असल्या गाळातून गेलं.

आणि मग मला अपेक्षा नसलेली गोष्ट झाली. आदल्या दिवशी बाजारात बायकांनी कलमकारी साड्या पाहिल्या होत्या. स्नान करून बसमध्ये चढल्यावर एकीने विचारलं, हे छापतात कुठं? मी पेडना म्हटलं, दहा-बारा किलोमीटरवर. सगळ्या म्हणाल्या, चला. आयोजक कागद दाखवायला लागला, यात पेडना नाही. मावशी म्हणाल्या, "बहुमत हाये ना रे बापा."

पेडनाला एका घराच्या लांब पडवीत टेबलांची रांग होती. टेबलावर गोणपाटाच्या घड्या, त्यावर कापड ताणलेलं. कारागीर सागाचा ठसा रंगाच्या गादीवर टेकवतो, कापडावर अचूक शेजारच्या नक्षीला भिडवतो आणि मुठीने वर एक ठोसा देतो. फुलाच्या बाह्यरेषेचा ठसा वेगळा, आतल्या लाल भागाचा वेगळा. काळा रंग गंजलेलं लोखंड आणि गूळ पाण्यात कुजवून करतात. लाल जिथे हवा तिथे आधी तुरटी छापतात, मग कापड मंजिष्ठाच्या पाण्यात उकळतात. तुरटी असेल तिथेच लाल धरतो. मध्ये मध्ये कालव्याच्या वाहत्या पाण्यात धुणं. त्या आधी सगळ्यात पहिलं काम म्हणजे कोरं कापड हिरड्याच्या पाण्यात आणि म्हशीच्या दुधात भिजवणं, म्हणजे रंग पसरत नाही. टोपलीतली फळं पाहून मावशींनी एक उचललं, दाताखाली धरलं आणि ओरडल्या, "हा तर आपला हिरडा!" कारागीर म्हणाला, करक्काय. दोघांनी माना हलवल्या. कापूस आमचा, हिरडा आमच्याही जंगलात, ठशाला साग, तोही आमच्याकडे मुबलक. मी इतकी वर्षं मुलांना बंदराची सालं पाठ करायला लावत होते आणि बंदर असं भरत होतं.

ज्यांना तिकडे जायचं असेल त्यांनी दुकानात जाण्याआधी पेडनाला जावं. बाजारात स्क्रीनवर छापलेली नक्कल पुष्कळ मिळते. हाताच्या ठशाच्या कापडावर जोड कुठेतरी केसभर चुकलेला असतोच, नक्कल अगदी बिनचूक असते. बंदर लाडू आणा, साजूक तुपातले, चांगले लागतात. पण चिलकलपुडीच्या दुकानात दोन तास घालवू नका.

हे लिहिते आणि थांबते. कारण आमच्या बायकांनी त्या दिवशी घेतलेल्या बांगड्या अजून उजळ आहेत आणि ते दागिने करणारी शेकडो घरं चिलकलपुडीत आजही त्यावर जगतात, देशभर माल पाठवतात. जहाजं गेली तरी माल बाहेर पाठवायची या गावाची सवय गेलेली नाही. बंदर पाहायचं तर तेही बंदरच आहे. आयोजकाला हे दाखवायचं नव्हतं, त्याला वही भरायची होती, म्हणून माझा राग तसाच आहे. दुकानावर मात्र तो पूर्वीसारखा काढता येत नाही.

शाळेची सहल या हिवाळ्यात पेडना आणि बंदरला न्यावी असं मी सुचवलं आहे. दोन पालकांनी लगेच हरकत घेतली, मुलांना कबरी कशाला दाखवता? मी म्हटलं, कबरी अर्धा तास, कापड अर्धा दिवस, आणि ऐच्छिक काहीही नाही. पालकसभा पुढच्या शनिवारी आहे. मावशी येणार आहेत, आणि त्या कोणाच्या बाजूने बोलतील हे मी त्यांना विचारलेलं नाही.