डॅशबोर्डवरचे दिवे आणि आमचे मिस्त्री

गाडीच्या डॅशबोर्डवर एकदम पाच दिवे लागले की माणूस घाबरतो. इंजिनचा पिवळा दिवा, शेजारी एबीएस, घसरणाऱ्या गाडीचं चित्र, स्टिअरिंगचं चित्र आणि हे कमी म्हणून की काय, एअरबॅगचाही. पाच दिवे म्हणजे पाच बिघाड, असा हिशेब मनात आपोआप होतो. बहुतेक वेळा तो चुकतो. पाच वस्तू एकाच मिनिटाला बिघडत नाहीत. त्या पाचही जिच्यावर अवलंबून आहेत, अशी एखादी वस्तू बिघडलेली असते.

आजच्या गाडीत अनेक छोटे संगणक असतात. इंजिनचा वेगळा, ब्रेकचा वेगळा, स्टिअरिंगचा वेगळा. दोन तारांच्या एका जोडीवरून ते आपसांत बोलतात. बॉश या जर्मन कंपनीने ही पद्धत १९८६ मध्ये जाहीर केली; तिला 'कॅन' म्हणतात. आता असं बघा, चाकाजवळचा एक सेन्सर चाकाचा वेग मोजतो. तोच आकडा एबीएस वापरतं, घसरण रोखणारी यंत्रणा वापरते आणि चढावर गाडी मागे येऊ न देणारी यंत्रणाही वापरते. त्या सेन्सरची वायर उंदराने कुरतडली की तिघींचे दिवे एकदम पेटतात. बॉनेटखाली उंदीर शिरणं आपल्याकडे काही नवं नाही.

उंदराहून साधं कारण बॅटरीचं. चांगल्या बॅटरीवर इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दिसतात; इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत साडेतेरा ते साडेचौदा. हा दाब पडला की संगणक अर्धपोटी मुलांसारखे वागतात. कुणी उत्तरच देत नाही, कुणी भलतंच देतं, आणि प्रत्येक जण दुसऱ्याची तक्रार लिहून ठेवतो.

हे सगळं मी पुस्तकातून शिकलो नाही. अम्मीला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी नांदेडला न्यावं लागतं. कंधारहून लोह्यामार्गे जाताना पन्नासएक किलोमीटर. गेल्या पावसाळ्यात लोह्याच्या पुढे हेच पाच दिवे लागले. गाडी चालत होती, पण स्टिअरिंग दगडासारखं जड झालेलं. अम्मी मागच्या सीटवर तसबीह ओढत बसलेली. कसेबसे पोचलो. तिला आत सोडून मी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गेलो. त्यांनी स्कॅनर लावला, कागद छापला आणि सांगितलं की एबीएसचं युनिट आणि स्टिअरिंगचा संगणक दोन्ही गेले आहेत. खर्च बासष्ट हजार. शिक्षकाच्या घरात, त्यातही दवाखाना चालू असताना, बासष्ट हजार म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

कंधारला परत आल्यावर तो कागद घेऊन मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या गॅरेजवर गेलो. आठवीनंतर त्याने शाळा सोडली आणि उस्तादाच्या हाताखाली शागिर्द म्हणून राहिला. त्याने कागद बाजूला ठेवला. म्हणाला, "सर, बत्त्यां पांच हैं, बीमारी एकच होगी." बॅटरी तपासली, ती ठीक होती. मग मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी इंजिनच्या लोखंडावर धरून मला सेल मारायला सांगितला. तिथे अर्ध्या व्होल्टच्या आतच फरक दिसायला हवा. दोनच्या वर दिसला. अर्थिंगची पट्टी ज्या बोल्टला जोडलेली होती, तिथे पांढरी-हिरवी बुरशी धरावी तसा गंज. त्याने जागा घासली, पट्टी बदलली, कोड पुसले. साडेतीनशे रुपये. दिवे परत लागले नाहीत.

वर्कशॉपचा कागद खोटा नव्हता, त्याचा तर्जुमा चुकला होता. या कोडांचं पहिलं अक्षर महत्त्वाचं. पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, सी म्हणजे ब्रेक-स्टिअरिंग, बी म्हणजे एअरबॅगसकट बॉडी आणि यू म्हणजे संगणकांचं आपसातलं बोलणं. आमच्या कागदावर यूचे कोड भरपूर होते आणि खाली एक पी ०५६२, म्हणजे व्होल्टेज कमी. 'अमुक संगणकाशी संपर्क तुटला' याचा अर्थ तो संगणक मेला, असा होत नाही. फोन लागला नाही म्हणून कुणी माणसाचा जनाजा काढत नाही.

यातही तारतम्य हवंच. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर विचार न करता बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं. एबीएसबरोबर ब्रेकचा लाल दिवा असेल तरी पुढे जायचं नाही. इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकत असेल तर पेट्रोल नीट जळत नाही, वेग लगेच कमी करावा. आणि कोड पुसण्याआधी ते लिहून घ्यावेत. नुसते पुसणं म्हणजे दुरुस्ती नव्हे.

मला काळजी वाटते ती त्या पोरासारख्या मिस्त्रींची. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात मुस्लिम कामगार जास्त प्रमाणात असलेल्या धंद्यांत मोटार दुरुस्तीचं नाव आहे. ते कळायला अहवाल लागत नाही, कुठल्याही गॅरेजसमोर उभं राहा. एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या, तेव्हापासून कानाने इंजिन ओळखणाऱ्या उस्तादालाही स्कॅनर लागतो. स्कॅनर इंग्रजीत बोलतो. पोरगं उर्दू शाळेतलं, व्यवहार मराठीत, घरी दखनी. हुनर हातात आहे, पण स्कॅनरवरच्या चार शब्दांपाशी ते अडतं आणि गिऱ्हाईक शहरात जातं. त्याला दोष देणं सोपं आहे. मी वीस वर्षं दोन भाषा शिकवतो आहे, आणि आमच्या एकाही पुस्तकात या शब्दांना जागा नाही.

म्हणून आता रविवारी संध्याकाळी आम्ही वही घेऊन बसतो. तो आणि त्याचे दोन शागिर्द. एका बाजूला कोड, मधे मराठी, पलीकडे उर्दू. 'ओपन सर्किट' म्हणजे वायर तुटलेली. 'इंटरमिटंट' म्हणजे येऊन-जाऊन. परवा 'इम्प्लॉझिबल सिग्नल' आला. मी मराठीत 'न पटणारा संदेश' लिहिलं, उर्दूत 'नाक़ाबिल-ए-यक़ीन'. धाकटा शागिर्द बराच वेळ वहीकडे बघत राहिला. मग माझ्या हातातलं पेन घेऊन त्याने खाली लिहिलं, 'सेन्सर झूट बोलरा'.

तेच ठेवलं.