धारोष्ण

मराठीत काही शब्द असे आहेत, की ते नुसते उच्चारले तरी जीव तृप्त होतो. ‘धारोष्ण’ हा त्यांतलाच एक. पहाटेचा गोठा, चरवीत घुमणारा धारेचा आवाज, काठापर्यंत चढत जाणारा फेस – सारे त्या एका शब्दात मावले आहे. दिवसा शाळेत आणि रात्री कादंबरीत, अशी दोन्हीकडे शब्दांवर जगणारी मी; अशा शब्दाशी भांडणे मला जड जाते. पण गेल्या वर्षी ते भांडावे लागले.

निमित्त झाले एका भुकटीचे. शेजारच्या अण्णांच्या गोठ्यात पाच संकरित गायी आहेत. त्यांनी पेंडीत मिसळायला प्रोबायोटिकची पुडी आणली. प्रोबायोटिक म्हणजे पोटात घालायचे जिवंत, उपकारक सूक्ष्मजीव. या पुडीत यीस्ट होते, पाव फुगवणाऱ्या यीस्टच्याच जातीचे. अण्णांनी लगेच सिद्धांत मांडला, “गायीच्या पोटात चांगले जंतू गेले, म्हणजे दुधातही चांगलेच उतरणार. आता दूध तापवणे म्हणजे अमृत जाळणे!”

आणि घरात सूनबाई पाच महिन्यांची गरोदर. तिच्यासाठी रोज सकाळी धारोष्ण दुधाचा पेला भरू लागला. ती माझी जुनी विद्यार्थिनी. कुंपणाशी येऊन हळूच म्हणाली, “बाई, मला भीती वाटते. पण अण्णांना सांगणार कोण?”

माझे शास्त्र शाळेपुरतेच. तेव्हा आधी वाचले. वाचता वाचता पुडीविषयी आदरच वाटू लागला. गायीच्या पोटाचे चार कप्पे. त्यांतले कोठीपोट एकटेच शंभर लिटरहून मोठे, आणि त्यातल्या रसाच्या एका मिलिलिटरमध्ये हजार कोटींच्या घरात जिवाणू! कडबा गाय खाते, पण पचवतात ते हे जिवाणू. पेंड फार झाली की कोठीपोटात आम्ल वाढते आणि हा संसार विस्कटतो. यीस्ट तिथला चुकार प्राणवायू शोषून घेते, आणि प्राणवायू न सोसणाऱ्या त्या जिवाणूंचे फावते. काही गोठ्यांत त्यामुळे दूध थोडे वाढते, काहींत वाढतही नाही. शिवाय हे यीस्ट तिथे कायमचे घर करीत नाही. पाहुण्यासारखे रोज बोलवावे लागते.

पण कोठीपोटातून कासेला नळ जोडलेला नाही. दूध बनते रक्तातून आलेल्या पोषणापासून. त्यात जंतू शिरतात ते सडांच्या कातडीवरून, शेणाच्या शिंतोड्यातून, धार काढणाऱ्या हातांवरून, चरवीच्या काठावरून. आणि गाय आजारी असेल तर थेट कासेतून.

मी अण्णांकडे गेले. ते म्हणाले, “माझ्या गायी धडधाकट आहेत, बाई.” मी त्यांना माल्टा बेटाची हकिगत सांगितली. तिथल्या इंग्रज सैनिकांना लांबत जाणारा ताप येई. 1887 मध्ये डेव्हिड ब्रूस यांना त्याचा जंतू सापडला. पण तो येतो कुठून, हे कळायला 1905 साल उजाडले. थेमिस्टोक्लीज झामिट यांनी शेळ्यांचे रक्त तपासले. त्या शेळ्याही धडधाकटच दिसत होत्या! 1906 मध्ये सैनिकांचे शेळीचे दूध बंद झाले आणि ताप ओसरला. त्याच घराण्यातला जंतू गायीला गाभडवतो, कासेत दडून दुधातून बाहेर पडतो. म्हणून तर आपल्याकडे चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलाची लस टोचतात.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे माझी पुडी फुकट?”

“फुकट कशाला? गायीला दिली, ती गायीच्या पोटापुरती,” मी म्हटले.

एवढ्यात आतून माजघरातल्या म्हाताऱ्या आजी – अण्णांच्या आई – बोलल्या, “अरे, कच्च्या दुधाला कधी विरजण लावले का मी? आधी तापवायचे, कोमट करायचे, मग लावायचे.”

मी चकितच झाले. चांगले जंतू हवेत ना? मग आधी सारी गर्दी घालवायची आणि मागून ओळखीचा, पारखलेला पाहुणा तेवढा घरात घ्यायचा. जंतू हा शब्दही कानी न पडलेल्या बायकांनी ही रीत पिढ्यान् पिढ्या पाळली. कच्च्या दुधात मात्र दार सताड उघडे असते. कोण आत आले, हे दुसऱ्या कुणाला ताप आल्यावर कळते.

अण्णा “बरोबर” म्हणाले नाहीत. वडीलधारी माणसे तसे म्हणत नसतात. त्यांनी उठून चरवी सुनेच्या हाती दिली, आणि “चांगली उकळी येऊ दे,” एवढेच बोलून ते गायींना वैरण टाकायला गेले.