पहिल्या रात्रीचं सामान

परदेशी निघताना बहुतेक माणसं दिवस मोजून सामान भरतात. आठ दिवस, म्हणून आठ जोड; थंडी, म्हणून दोन स्वेटर. मी पहिल्या रात्रीचं सामान भरते. विमानतळाबाहेर पाऊल टाकल्यापासून दुसऱ्या दिवशी दुकानं उघडेपर्यंतचे ते काही तास. शहर झोपलेलं, बोली परकी, अंग आंबलेलं, फोनची बॅटरी संपत आलेली, आणि भूक मात्र पुण्याच्या वेळेला लागलेली. त्या तासांत जे हाताला लागतं ते खरं सामान. उरलेलं सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं, आणि बऱ्याचदा लागतही नाही.

पुण्याच्या एका कारखान्यातून यंत्रं बाहेरदेशी जातात आणि ती बसवून, चालू करून द्यायला मागोमाग मी जाते. असं जाणं वारंवार होऊ लागलं तशी कपाटाच्या खालच्या खणात एक कापडी पिशवी कायमची भरून राहिली. परत आलं की कपडे धुण्यात पडतात, पिशवी मात्र रिकामी होत नाही. जे संपलं असेल ते त्याच दिवशी भरायचं. आज भरू, उद्या भरू म्हटलं की ते निघायच्या रात्रीच आठवतं, आणि मुंबईची बरीचशी परदेशी विमानं मध्यरात्रीनंतरच सुटतात.

सगळ्यात आधी विजेचं, कारण माझा धंदाच तो. आपली तीन गोल दांड्यांची पिन मुळात इंग्रजांची. त्यांनी १९४७ साली स्वतःकडे चपट्या दांड्यांची, पोटात फ्यूज असलेली नवी पिन आणली. जुनी आपल्याकडे राहिली. ती दक्षिण आफ्रिकेतही राहिली, पण तिथे घरोघरी चालते ती आपल्या गिझरची जाडजूड, १५ अँपिअरची पिन. जोहान्सबर्गच्या खोलीत भिंतीवर ते ओळखीचं सॉकेट दिसलं की मला उगाच बरं वाटतं. जपानात गोष्ट निराळी. तिथे व्होल्टेज १००, आणि देशाचे विजेच्या बाबतीत दोन भाग: टोकियोकडे ५० हर्ट्झ, ओसाकाकडे ६०. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जर्मन जनित्रं घेतली, ओसाकाने अमेरिकन. तेव्हा पडलेली फूट आजही कायम आहे. मोटर जोडणाऱ्याला ती पहिल्याच दिवशी भेटते, कारण मोटरचा वेग हर्ट्झवर ठरतो.

प्रवाशाला यातलं एवढंच लागतं: चार्जरच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचायची. तिथे १०० ते २४० व्होल्ट आणि ५०/६० हर्ट्झ असं छापलेलं असेल तर तो जगात कुठेही चालेल, फक्त पिनेचा आकार बदलायचा. फोनचे नि लॅपटॉपचे चार्जर हल्ली असेच असतात. तापणाऱ्या वस्तूंचं तसं नाही. आपली २३० व्होल्टची किटली जपानात लावली तर पाचव्या हिश्शाहूनही कमी ताकदीने तापते. पाण्याला नुसती ऊब येते. तेव्हा केस वाळवायचं यंत्र, इस्त्री, किटली घरीच राहू द्या. ‘सगळ्या देशांत चालणारा’ म्हणून विकतात तो अवजड अडॅप्टरही मला पटत नाही. स्वतःच्याच वजनाने तो भिंतीतून निसटतो आणि सकाळी उठून पाहावं तर फोन मेलेला. त्यापेक्षा ज्या देशात जायचं तिथला एक साधा, घट्ट बसणारा अडॅप्टर आणि त्याला जोडायला आपला तीन खाचांचा छोटा एक्स्टेंशन बोर्ड. एका खाचेत फोन, दुसरीत लॅपटॉप, तिसरी शेजाऱ्याला. विमानतळावर भिंतीशी बसलेल्या परक्या माणसांशी माझ्या ओळखी झाल्या त्या बहुतेक या तिसऱ्या खाचेमुळे.

पॉवर बँक हातातल्या बॅगेतच. लिथियमच्या बॅटरीने पेट घेतला तर ती माणसांच्या डोळ्यांसमोर हवी, विमानाच्या पोटात नको. मर्यादा १०० वॉट-तासांची असते. २०,००० मिलिअँपिअरची पॉवर बँक ७४ वॉट-तासांची भरते, म्हणजे चालते.

आता खाण्याचं. लोणच्याची बरणी कपड्यांवर का सांडते हे कळलं की निम्मं काम झालं. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवर उडतं, पण आतली हवा १८०० ते २४०० मीटर उंचीवर असते तेवढी विरळ ठेवलेली असते. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर. म्हणजे मुंबईहून निघालेली प्रत्येक बरणी कळसूबाईच्याही वर चढून पुन्हा खाली येते. झाकणाखाली कोंडलेली मुंबईची हवा वर गेल्यावर फुगते आणि फट सापडेल तिथून तेल बाहेर रेटते. म्हणून बरणी गळ्यापर्यंत भरायची, आत हवा कमीत कमी ठेवायची, झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा घालायचा आणि वर दोन पिशव्या. शांपू-तेलाच्या बाटल्या मऊ असतात. त्या दाबून हवा काढायची आणि मग बूच लावायचं.

पण माझा खरा भरवसा कोरड्या वस्तूंवर. स्टीलचा एक चपटा डबा, त्यात भाजलेले जाडे पोहे, आणि एका डबीत मेतकूट नि मीठ. खोलीतल्या किटलीत पाणी उकळायचं, पोहे बुडतील इतकं ओतायचं, झाकण लावून डबा पंचात गुंडाळून ठेवायचा. हातपाय धुऊन होईतो पोहे फुलतात. वर मेतकूट भुरभुरलं की त्या वाफेबरोबर सुंठीचा, हिंगाचा, भाजल्या डाळीचा वास खोलीभर होतो. बाहेर कोणतंही शहर असो, रात्री दोन वाजता पोटाला हे चालतं, आणि झोप लागते. मेतकुटाची मोठी पुडी मात्र चेक-इनच्या बॅगेत टाका. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात ३५० मिलिलिटरहून जास्त पूड हातातल्या बॅगेत असली तर ती उघडून तपासतात.

घरची माणसं प्रेमाने जे बांधून देतात त्यातलं काय जाऊ शकत नाही, हे त्यांना आधीच सांगितलेलं बरं. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानतळावर काढून ठेवतात. तेलकट खोबरं साठ्यात आपणहून तापू शकतं, म्हणून विमानवाहतुकीत ते धोकादायक मालात मोडतं. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत, तेव्हा साताऱ्याचे कंदी पेढे आणि कढवलेलं तूप दोन्ही मागे राहतं. ऑस्ट्रेलियात उतरताना खाण्याचं काहीही जवळ असलं तर ते आपण होऊन सांगायचं; सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेलीला जबर दंड होतो. आणि सगळ्यात जपायचं ते दुबई-अबुधाबीला. तिथे खसखस ही अमली पदार्थांच्या कायद्यात येते. दिवाळीनंतर लेकाकडे निघालेल्या आईच्या डब्यात अनारसे असतात आणि अनारशाला खसखस असते. तिला कुणी सांगितलेलं नसतं. मी विमानतळाच्या रांगेत अशा काकूंशी मुद्दाम बोलते, डब्यात काय आहे ते विचारते. आगाऊपणा वाटला तरी चालेल.

औषधांचंही तसंच. आपल्याकडे मिळणारी कोडीनची खोकल्याची औषधं अमिरातींत परवानगीशिवाय नेता येत नाहीत; सर्दीच्या काही गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन ठरावीक प्रमाणाबाहेर असेल तर जपानात चालत नाही. डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्यायची ती औषधाच्या मूळ नावाने, कंपनीच्या नावाने नव्हे. आणि ताप, जुलाब, ॲसिडिटी, मीठसाखरेची पुडी एवढं तरी पहिल्या रात्रीपुरतं जवळ हवंच. जर्मनीत शनिवारी रात्री उतरलात तर ती पहिली रात्र सोमवार सकाळपर्यंत लांबते. रविवारी दुकानं बंद असतात; स्टेशनातली आणि विमानतळावरची तेवढी उघडी. औषधांची दुकानं पाळीपाळीने रात्री जागी असतात, आणि कुणाची पाळी आहे ते बंद दुकानाच्या दारावर लिहिलेलं असतं. तापाने फणफणलेल्या माणसाने ते दार शोधत हिंडावं, असं मला वाटत नाही.

आफ्रिकेत जाणाऱ्यांनी पीतज्वराच्या लशीचं पिवळं पुस्तक पासपोर्टच्या वेष्टनातच ठेवावं. लस निघण्याच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. २०१६ पासून ती जन्मभर ग्राह्य धरतात. पीतज्वर असलेल्या देशांतून परतताना पुस्तक नसेल तर आपलंच सरकार सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतं. त्याच वेष्टनात एक कागद: मुक्कामाचा पत्ता तिथल्या लिपीत आणि यजमानांचा फोन नंबर, दोन्ही ठळक अक्षरांत. फोन बंद पडला तरी हा कागद टॅक्सीवाल्याला दाखवता येतो. आणि एक पेन.

एकदा माझी मोठी बॅग मधल्या विमानतळावरच राहिली आणि तिसऱ्या दिवशी आली. खांद्यावरच्या बॅगेत कपड्यांचा एक जोड आणि कारखान्यात घालायचे बूट होते, म्हणून काम थांबलं नाही. असं झालं तर सामानाच्या पट्ट्याजवळचं कार्यालय सोडण्याआधी लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या, आणि जे काही विकत घ्यावं लागेल त्याच्या पावत्या जपा. माँट्रियल करारानुसार त्याची भरपाई मागता येते, आणि २१ दिवसांत बॅग आली नाही तर ती हरवली असं धरता येतं.

एकटीने जाणाऱ्या बाईला मी आणखी एक वस्तू सांगते: रबराची पाचर. दार आतून लावलं की खालच्या फटीत सारायची. कडी कितीही तकलादू असो, बाहेरून ढकललं तर पाचर आणखी घट्ट बसते. आत बिछान्यावर पाठ टेकता येते. आग लागली तर पायाने उडवता येईल अशीच बसवायची, आणि झोपण्याआधी ते एकदा करून बघायचं.

राहिला पंचा. एवढी हलकी आणि इतक्या कामांना येणारी दुसरी वस्तू मला सापडलेली नाही. जाड टॉवेल बारा तासांत वाळत नाही. पंचा पिळून खुर्चीच्या पाठीवर टाकला की सकाळी कोरडा ठणठणीत. विमानातल्या गार झोतात तो डोक्यावरून घेता येतो, बाकावर आडवं होताना उशाला घेता येतो, उन्हात मानेवर. लॅपटॉप त्यात गुंडाळावा, सफरचंदं त्यात बांधावीत. मी दोन ठेवते, एक अंगाला आणि एक बाकी सगळ्याला. नवा घेतलात तर निघायच्या आधी दोन-तीनदा धुऊन त्याची खळ काढा. कोरा पंचा पाणी टिपत नाही, नुसतं अंगभर फिरवतो.