निषेध केलास का?

१३ फेब्रुवारी २०१०, शनिवार संध्याकाळ. कोरेगाव पार्कच्या जर्मन बेकरीत स्फोट झाला. एकूण १७ माणसं गेली. सोमवारी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये दुसरा विषयच नव्हता. आणि मी, स्वतःला बऱ्यापैकी समंजस वगैरे समजणारा मी, समोरच्या मुसलमान मित्राला विचारून बसलो, "तुमच्यातले लोक उघडपणे निषेध का करत नाहीत रे?"

तो चिडला नाही. डबा बंद करत म्हणाला, "२६/११च्या नऊ जणांना मुंबईत आमच्या लोकांनी कबर दिली नाही. अजून काय करायचं?"

खरंच होतं ते. जामा मशीद ट्रस्टने मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात जागा नाकारली होती. असली कृत्यं करणारे मुसलमान असूच शकत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. ज्या धर्मात शक्यतो त्याच दिवशी दफन करतात, तिथे हा नकार साधा नव्हे. प्रेतं वर्षाहून जास्त काळ जे. जे. हॉस्पिटलच्या शवागारात पडून होती. शेवटी सरकारने जानेवारी २०१० मध्ये गुपचूप पुरली. कबर नाकारल्याचं मी पेपरात वाचलं होतं, आणि विसरलोही होतो!

आता आमची गोष्ट. गांधीहत्येनंतर, ४८च्या जळितात, आमचं सातारा जिल्ह्यातलं घर गेलं. नथुराम ब्राह्मण, आम्ही ब्राह्मण, एवढाच काय तो संबंध. आजोबांना कुणी "निषेध केलास का" असंही विचारलं नाही, थेट काडी लावली. ते सांगायचे तेव्हा लहानपणी मी दर वेळी म्हणायचो, "पण आपण काय केलं होतं?" कॅन्टीनमध्ये मात्र हे काही आठवलं नाही.

मशिदीच्या ट्रस्टने बोलावं, कारण कब्रस्तान त्यांच्या हातात आहे. डबा खाणाऱ्या इंजिनिअरच्या हातात काय असतं? आपलं घर, आपली पंगत. आणि तिथे माझा रेकॉर्ड काही बरा नाही. "नथुरामचंही ऐकून घ्या" म्हणणारे एक काका आमच्या प्रत्येक कार्यात असतात, आणि मी इतकी वर्षं मुकाट्याने जिलबी खात आलो.

मागच्या एका लग्नात शेवटी म्हणालो, "काका, खून तो खून." बायकोने कोपराने ढोसलं. पंगत गप्प. काकांनी मठ्ठा मागवला.